घर सोडल्यावरचा स्वयंपाक: कुठून सुरुवात करायची आणि कोणत्या क्रमाने

जून-जुलैत पुण्यात शिकायला किंवा पहिल्या नोकरीला आलेली मुलं-मुली पहिल्या रविवारी मोठ्या हौसेने बाजार करतात. महिन्याचा किराणा, दोन पिशव्या भाजी, आईने लिहून दिलेली वही. सोमवारी रात्री साडेआठला भुकेल्या पोटी पोळ्या करायला घेतात, दहाला जेवतात, आणि पंधरा दिवसांनी कोथिंबीर सडलेली, कणकेत किडे आणि जेवण रोज बाहेरून. माझ्या भाचरांचं आणि त्यांच्या खोलीवरच्या मित्रांचं हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कोणी स्वयंपाक शिकवा म्हटलं, तर मी पाककृती सांगतच नाही. चूक पाककृतीत नसते. ती क्रमात असते. सगळ्यात अवघड काम पहिल्या दिवशी घेतलेलं असतं, आणि जे आदल्या रात्री व्हायला हवं ते भूक लागल्यावर सुरू केलेलं असतं.

पुढचं सगळं एका माणसासाठी आहे: एक शेगडी किंवा इंडक्शन, एक कुकर, आणि रोज संध्याकाळचा साधारण एक तास.

१. भांडी: सहा वस्तू, त्याही पाहून

कुकर, लोखंडी किंवा जाड बुडाची कढई, फोडणीची छोटी कढली, तवा, सुरी आणि पाट, दोन-तीन झाकणाचे डबे. सुरुवातीला एवढं पुरतं. मिक्सर दोन महिन्यांनी घ्या.

कुकर घेताना लिटर पाहून थांबू नका. डाळीचा आणि भाताचा डबा एकावर एक ठेवून झाकण नीट लागतं का, हे दुकानातच लावून पाहा. तीन लिटरचा पसरट कुकर दिसायला पुरेसा वाटतो, पण त्यात एकच डबा बसतो. मग डाळ वेगळी, भात वेगळा, आणि संध्याकाळ त्यातच जाते. इंडक्शन असेल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं का, तेही तिथेच पाहा. साध्या ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापत नाही.

आणखी एक, घरून नेण्यासारखी गोष्ट: मापाची वाटी. रोज तीच वाटी वापरायची, मग आईने फोनवर सांगितलेला अंदाज आणि तुमचा अंदाज जुळायला लागतो.

२. किराणा: महिन्याचा नको, पंधरा दिवसांचा

तांदूळ २ किलो, तूरडाळ अर्धा किलो, मूगडाळ अर्धा किलो, मटकी आणि हिरवे मूग पाव-पाव किलो, बेसन पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेल अर्धा लिटर. मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, गोडा मसाला, मीठ, गूळ, आमसुलं. बाकीचे मसाले विसरा. गोडा मसाला घरचा असेल तर फारच चांगलं.

अर्ध्या लिटरची तेलाची बाटली मुद्दाम सांगितली. ती पहिल्यांदा उघडाल तो दिवस बाटलीवर लिहून ठेवा. एकट्या माणसाने रोज स्वयंपाक केला आणि ती दहा दिवसांत संपली, तर हात सैल आहे हे मोजमाप न करता कळतं. ती महिनाभराच्या आसपास पुरायला हवी.

भाजी आठवड्यातून दोनदा घ्या, आणि खायचा क्रम घेतानाच ठरवा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत. मग भेंडी, वांगी, दोडका. शेवटी कोबी, दुधी, गाजर, लाल भोपळा. आठवड्याच्या अखेरीला भाजी संपली की कडधान्य. बहुतेकांचं उलटं होतं: सोपी म्हणून बटाट्याची भाजी आधी होते आणि मेथीची जुडी फ्रिजमध्ये पिवळी पडते.

> तपासा: जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते. म्हणजे एकट्याला आठवड्याला जवळपास ३ किलो. तुमची पिशवी किलोभराचीच असेल, तर ताटातला भात-पोळीचा ढीग भाजीची जागा घेतोय.

३. आदल्या रात्रीची दहा मिनिटं

हा टप्पा सगळे गाळतात, आणि बाकीचं बिघडतं ते इथून.

झोपण्यापूर्वी उद्या काय करायचं ते ठरवा. कडधान्य असेल तर धुऊन भिजत घाला. उद्याची पालेभाजी निवडून ठेवा, पण धुऊ नका. ओली भाजी रात्रभरात चिकट होते. कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. लसूण सोलून ठेवा. एवढंच.

मोड आणायचे असतील तर दोन रात्री आधी विचार करावा लागतो. मटकी किंवा मूग रात्री भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात, थंडीत पूर्ण एक दिवस लागतो. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मारा.

> सावध: मोड आलेलं कडधान्य हाताला बुळबुळीत लागलं किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. धुऊन वापरू नका. आणि मोड कच्चे खाण्यापेक्षा शिजवून खा. ओल्या, उबदार फडक्यात मोडांसोबत जंतूही वाढतात.

राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि कुकरला पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात, कारण त्यातला विषारी घटक चांगल्या उकळीशिवाय जात नाही. परदेशात मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं वापरणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. राजमा आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळा, मगच त्या भांड्यात घाला.

रविवारी एक काम जास्तीचं: शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, कूट करून बरणीत भरा. मिक्सर नसेल तर जाड पिशवीत घालून लाटण्याने कुटा. कोशिंबीर, पालेभाजी, उसळ, सगळ्यांना ते लागतं.

४. कुकर

पहिला आठवडा फक्त याचाच आहे. वरण, भात, वर लिंबू, बाजूला काकडी. हे सात दिवस नीट जमलं की तुम्ही उपाशी राहणार नाही.

पहिलं पाऊल: डाळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवा. एका वेळेला तूरडाळ एक तृतीयांश वाटी, तांदूळ अर्धी वाटी. डाळीचं प्रमाण यापेक्षा खाली आणू नका. घराबाहेर राहणाऱ्यांच्या आमटीत मला बहुतेक वेळा नुसतं पिवळं पाणी दिसतं. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. चमचाभर डाळीची आमटी केली तर वाटी भरलेली दिसेल, पण अंगी लागायला तिच्यात काही नसेल.

दुसरं: डाळीच्या डब्यात डाळीच्या अडीचपट पाणी, चिमूटभर हळद, हिंग, दोन थेंब तेल. तेलाने फेस कमी येतो. चिंच, आमसूल, टोमॅटो आत्ता घालू नका. आंबट पाण्यात डाळ शिजायला फार वेळ घेते, आणि "पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणकच" ही तक्रार बऱ्याचदा तिथूनच येते. भाताला दुप्पट पाणी, तांदूळ नवा असेल तर थोडं कमी.

तिसरं: कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी आणि जाळी. डाळ खाली, भात वर. डबे अर्ध्याच्या वर भरू नका.

चौथं: झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून वाफेच्या भोकातून आरपार दिसतं का पाहा. रबर खोबणीत नीट बसवा. आच मोठी ठेवा, वाफेची सरळ धार यायला लागली की शिट्टी लावा. पहिली शिट्टी झाली की आच मध्यम करा. एकूण चार शिट्ट्या, किंवा पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर नऊ-दहा मिनिटं. मला घड्याळ जास्त भरवशाचं वाटतं, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळेला होते.

पाचवं: गॅस बंद. आता पंधरा मिनिटं कुकरला हात लावायचा नाही.

> सावध: चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडू नका, झाकण जोर लावून फिरवू नका. वाफ कडेने सुटत असेल तर रबर सैल झालंय किंवा नीट बसलेलं नाही. बराच वेळ शिट्टी नाही आणि करपल्याचा वास येतोय, तर तळाचं पाणी संपलंय: आच बंद करा आणि कुकर पूर्ण निवेपर्यंत उघडू नका.

> तपासा: डाळीचा एक दाणा बोटांत चिरडा. मध्ये कण लागला तर पाव वाटी गरम पाणी घालून आणखी दोन शिट्ट्या. कच्ची डाळ फोडणीत उकळून मऊ होईल या आशेवर राहू नका.

५. एका शेगडीवरचा क्रम

कुकर निवायला लागणारी ती पंधरा मिनिटं म्हणजे एका शेगडीवर राहणाऱ्याची खरी कमाई. कुकर बाजूला सरकतो, शेगडी मोकळी होते, भाजी तेव्हा करायची. भाजी आधी आणि कुकर नंतर असं केलं, तर भाजी गार होते आणि तुम्ही वाफ जायची वाट पाहत बसता.

सव्वासातला घरी आल्या आल्या, कपडे बदलायच्या आधी, डाळ-तांदूळ भिजत घाला. पावणेआठला कुकर चढवा. तो होईपर्यंत भाजी धुऊन चिरा, फोडणीचं सगळं ओट्यावर काढून ठेवा. आठ-सव्वाआठला कुकर उतरवा, कढई चढवा. साडेआठला भाजी उतरवून कुकर उघडा आणि आमटीला फोडणी द्या. आमटी उकळतेय तोवर काकडी किंवा गाजर किसा, त्यात कूट, मीठ, लिंबू, असेल तर दही. पावणेनऊच्या आत पान घेता येतं.

यायला उशीर होणार असेल तर सकाळी निघताना डाळ भिजवून फ्रिजमध्ये ठेवा.

६. फोडणी

दुसरा आठवडा. फोडणी अर्ध्या मिनिटाची असते, म्हणून तिच्यात डबे शोधायला वेळ नसतो. मिसळणाचा डबा उघडा, शिजलेली डाळ घोटून हाताशी ठेवा, मगच गॅस पेटवा.

दोन छोटे चमचे तेल. तापलं की मोहरीचे दोन दाणे टाकून पाहा. ते लगेच तडतडले तर बाकीची मोहरी घाला आणि तडतड मंदावेपर्यंत थांबा. न तडतडलेली मोहरी आमटीत कडू लागते. मग जिरं. ते फुललं की आच बारीक करा. मग हिंग, पुसून कोरडा केलेला कढीपत्ता, हळद, आणि अगदी शेवटी तिखट. तिखट पडताच त्यावर डाळ ओतायची.

सगळ्यात जास्त चुका आच बारीक न केल्याने होतात. मोठ्या आचेवर तिखट आणि हळद क्षणात करपते, खोलीत ठसका उठतो आणि आमटी काळपट, कडवट होते. करपली तर ती फोडणी टाकून द्या आणि नवी करा. दोन चमचे तेलासाठी सगळी आमटी वाया घालवू नका. इंडक्शनवर आधीच कमी वॉटवर ठेवा. परदेशातल्या विजेच्या तबकडीवर आच बारीक केली तरी तबकडी तापलेलीच राहते, म्हणून तिथे जिरं फुलताच भांडं उचलूनच घ्यायचं.

डाळ ओतल्यावर गरम पाणी, मीठ, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, अर्धा चमचा गोडा मसाला. पाच-सहा मिनिटं उकळी. कोथिंबीर गॅस बंद केल्यावर.

> तपासा: दिवसभरात ५ ग्रॅम मीठ ही वरची मर्यादा आहे, म्हणजे छोटा एक चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. एका माणसाच्या आमटीला पाव चमचा पुरतं. आधी चव घ्या, मग वाढवा.

७. भाजी: तीन प्रकार, तीन पद्धती

पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. माती जास्त असते, म्हणून मोठ्या भांड्यात बुडवून भाजी वर उचलून घ्या. पाणी ओतलं तर खाली बसलेली माती परत भाजीवर येते. लसणाच्या फोडणीवर टाका, झाकण ठेवू नका, पाणी घालू नका. मीठ सगळ्यात शेवटी: कढईभर दिसणारी मेथी शिजून मूठभर होते, आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ तिला खारट करतं.

फळभाजीला (दुधी, दोडका, गवार, कोबी) झाकणावर पाणी ही जुनी युक्ती वापरा. कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालायचं. वाफ आतल्या आत थंड होऊन भाजीवर परत पडते, तेल कमी लागतं आणि भाजी करपत नाही. ताटलीतलं गरम झालेलं पाणी लागेल तसं भाजीत घालायचं. भेंडी मात्र याला अपवाद. ती धुऊन पूर्ण पुसून चिरायची आणि झाकणाशिवाय परतायची, नाहीतर तार सुटते.

उसळ: मोडाची मटकी कुकरला न लावता कढईतच कांद्याच्या फोडणीवर परतून, दाणे बुडतील एवढं गरम पाणी घालून, झाकून पंधरा मिनिटं. कुकरात तिचा लगदा होतो. अख्खे हरभरे, छोले, राजमा यांना कुकर हवाच.

उसळ-पालेभाजीच्या जेवणावर लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने भाजी-डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर नको, तो ते लोह अडवतो. खोलीवर राहणाऱ्या मुलींना मी हे हात धरून सांगते, कारण तिथे जेवणाऐवजी चहा-टोस्ट हाच नियम झालेला असतो.

८. पोळी-भाकरी: तिसऱ्या आठवड्यापासून

तोवर पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणा, आमटी-भाजी घरची. यात कमीपणा काही नाही. पोळी हाताला बसायला महिना-दोन महिने लागतात, आणि भुकेच्या वेळी ती शिकू नये. रविवारी सकाळी शिका.

कणीक एक वाटी, पाणी अर्ध्या वाटीच्या आसपास, थोडं थोडं. मळून वीस मिनिटं झाकून ठेवा. ती वीस मिनिटं गाळली की पोळी लाटताना मागे येते. तवा पुरता तापल्यावरच पोळी टाका, सारखी उलटू नका. कमी तापलेल्या तव्यावर ती भाजण्याऐवजी वाळते आणि पापडासारखी कडक होते.

भाकरी तुटत असेल तर आधी पिठाकडे पाहा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, ती थापताना चिरणारच. गिरणीतून आठवड्यापुरतं आणा. गरम पाण्याने, एका भाकरीपुरतंच पीठ एका वेळी मळा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात फिरवा, आणि पाणी पुरतं सुकायच्या आत उलटा.

९. उरलेलं अन्न

भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकणं घरोघरी चालतं. पण बंद खोलीत, उकाड्यात, फ्रिजशिवाय ते धोक्याचं आहे. तांदळातल्या काही जिवाणूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी चांगली वाफ येईपर्यंत परता, आणि एकदाच. फ्रिज नसेल तर भात मोजूनच लावा. भूक जास्त असेल तर भाजी वाढवा.

आमटी-उसळ दुसऱ्या दिवशी नुसती कोमट करू नका. खळखळून उकळी येऊ द्या.

१०. ज्या दिवशी काहीच झालेलं नाही

रात्री काही भिजवलं नाही, भाजी नाही, नऊ वाजलेत. असा दिवस आठवड्यातून एकदा येतोच, आणि बाहेरून मागवायची सवय नेमकी त्याच दिवशी लागते. त्यासाठी दोन पदार्थ तोंडपाठ ठेवा.

मूगडाळीची खिचडी: तांदूळ अर्धी वाटी, मूगडाळ अर्धी वाटी, न भिजवता. थेट कुकरमध्ये फोडणी, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. कुकर अर्ध्याच्या खाली राहिला पाहिजे. यातली निम्मी सकाळसाठी लगेच फ्रिजमध्ये.

पिठलं: पाऊण वाटी बेसन तीन वाट्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. गरम पाण्यात घेतलंत तर गुठळ्या मोडणार नाहीत. कांदा, लसूण, हिरवी मिरची यांची फोडणी, कांदा मऊ झाला की कालवलेलं पीठ ओता आणि घट्ट होईपर्यंत ढवळायचं थांबू नका. मग झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटं. झाकण काढल्यावर कच्च्या बेसनाचा वास आला तर आणखी दोन मिनिटं. वरून कोथिंबीर, सोबत केंद्रातून आणलेली भाकरी आणि बुक्कीने फोडलेला एक कांदा.